दम किती वेळात परत येतो?

नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात शनिवार-रविवारच्या आरोग्य शिबिरांचं पेव फुटलं आहे. मुंबई-पुण्याची माणसं फार्महाऊसवर उतरतात, रस, सूप, योगासनं, मालिश यांत दोन-तीन दिवस जातात आणि निघायच्या सकाळी प्रत्येकाला पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं जातं. दोन किलो, अडीच किलो, कुणाचे तीन. आकडा मोठ्याने सांगितला जातो, टाळ्या पडतात. त्याच कर्जत-खालापूर तालुक्यांत अंगणवाडी सेविका कातकरी वाडीवरच्या पोराला काट्यात घालते आणि मागच्या महिन्यापेक्षा आकडा दोनशे ग्रॅमने उतरला, तर तिचा जीव खाली-वर होतो. एकाच मुलखात एकाच यंत्रावरचा उतरता आकडा इकडे सोहळा आणि तिकडे धोक्याची सूचना. यात विसंगती नाही, असं कुणी म्हणेल. लठ्ठ माणसाने घटावं, कुपोषित मुलाने वाढावं. खरं आहे. पण मग त्या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, अर्थ बाहेरून आणावा लागतो, एवढं तरी मान्य करायला हवं. तंदुरुस्तीबद्दलच्या आपल्या चर्चेत नेमकं तेवढंच मान्य होत नाही.

या वेडावर उतारे सुचवणारेही आहेत. काटा फेकून द्या आणि शरीराचं ऐका, हा एक. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षं गप्प बसतात, त्यांचं ऐकणार कसं? रोज दहा हजार पावलं, हा दुसरा; तो आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पाऊलमापकाच्या नावातून जगभर पसरला, शास्त्र त्याच्यामागून आलं. आधीचे आणि नंतरचे फोटो उजेडावर आणि उभं राहण्याच्या ढबीवर अवलंबून असतात. यांवर मला वेळ घालवायचा नाही. मला भांडायचं आहे ते एका वाक्याशी, कारण ते शहाणपणासारखं वाटतं आणि डॉक्टरांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं: काटा खोटं बोलत नाही.

आधी त्या तीन किलोंचा हिशेब करू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. घर आणि ऑफिस एवढाच वावर असलेला माणूस दिवसाला दोन ते अडीच हजार कॅलरी खर्च करतो. त्याने तीन दिवस अन्नाचा कण घेतला नाही, तरी एकूण तूट साडेसात हजारांच्या पुढे जात नाही. म्हणजे कडकडीत उपास करूनही एक किलो चरबी पुरती जात नाही, आणि शिबिरात तर सूप असतं. मग बाकीचं वजन कसलं? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की साठा सरतो आणि ते पाणी सुटतं. मीठ कमी झालं की आणखी सुटतं. आतडं रिकामं होतं. घरी परतून वरण-भात, लोणचं, पापड पोटात गेले की चार दिवसांत सगळं जागेवर. टाळ्या पडल्या त्या पाण्याला.

काट्याचे कैवारी यावर म्हणतात, तीन दिवसांचं सोडा, तीन महिन्यांचं बघा. बघू. उपाशी राहून, अंग न हलवता जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. दुसरा कुणी त्याच तीन महिन्यांत रोज चढ चढतो, बैठका मारतो, त्याच्या मांड्या भरतात, पोट आत जातं आणि काट्यावर कदाचित एका किलोचाही फरक दिसत नाही. पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याला लोक धीर देतात. या दोघांतला फरक काट्याला सांगताच येत नाही.

हा फरक आपल्या लोकांत किती खोल आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, उंचीच्या मानाने वजन दोघांचंही एकच. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तेव्हा सरासरी वजन २.७ किलो भरलं. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव; कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अंगाने बारीक माणसाला आपल्याकडे चाळिशीच्या आत मधुमेह का गाठतो, याचं एक मूळ इथे आहे. ज्या समाजात बारीक माणूसही आतून चरबीचा असू शकतो, त्याने तर काट्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवायला हवा.

उरतं काट्याचं भक्कम ठाणं, अंगणवाडी. मुलाच्या वाढीत वजन वाढणं हेच पुष्कळदा साध्य असतं, त्यामुळे तिथे काटा हवाच. पण तिथेसुद्धा एकट्या काट्यावर विसंबत नाहीत, आणि का ते पाहण्यासारखं आहे. तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात मुलाच्या अंगावर सूज येते. पाणी साठतं, वजन टिकून राहतं, कधी वाढतंही, आणि मूल मात्र मरणाकडे सरकत असतं. म्हणून तपासणारी बाई मुलाची दोन्ही पावलं हातात घेते, वरच्या बाजूला अंगठे काही क्षण दाबून धरते आणि उचलते. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला, तर वजन काहीही भरो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं. दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टीही याचसाठी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या आत भरला की लाल रंग. वजनाचं ज्यांना जीवन-मरणाच्या प्रश्नात काम पडतं, त्यांनीच काट्याच्या जोडीला अंगठा आणि पट्टी ठेवली आहे.

आणि कुस्ती. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं वजन ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढत हातची गेली. आदल्याच दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. रात्रीत तिची ताकद कमी झाली नव्हती, डाव विसरले नव्हते. तिने कोणत्या गटात लढायचं, एवढंच त्या १०० ग्रॅमनी ठरवलं. गट ठरवणं हे काट्याचं काम आहे आणि ते तो चोख करतो. आपण त्याच्याकडे निकाल मागतो.

शेवटचा बचाव शिस्तीचा असतो: रोज काट्यावर उभं राहिलं की माणूस ताळ्यावर राहतो. काही जण राहतात, हे मी नाकारत नाही. उतरलेलं वजन टिकवायला नियमित वजन करण्याचा अनेकांना उपयोग होतो. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला तर डॉक्टरच रोज वजन करायला सांगतात, कारण अंगात साठणारं पाणीच त्यांना मोजायचं असतं. पण निरोगी माणसाला काटा कोणती शिस्त लावतो? वजनाच्या दिवशी सकाळी पाणी न पिण्याची, आदल्या रात्री जेवण टाळण्याची, महिन्याच्या ज्या दिवसांत बाईच्या अंगात पाणी साठतं त्या दिवसांत स्वतःवर चिडण्याची. शरीर अधिक काही करू लागलं का, हा प्रश्न त्या शिस्तीत कुठेच येत नाही. आपल्या तालमींत मात्र तोच प्रश्न पहिला होता. जोर किती, बैठका किती, नमस्कार किती, असं विचारत. मोजणं आपल्याला नवं नाही. न हलता मोजणं नवं आहे.

माझा भेद इथून सुरू होतो. एक माप उभ्या शरीराचं, दुसरं श्रमलेल्या शरीराचं. काटा, बॉडी मास इंडेक्स, चरबी सांगणारी यंत्रं, कंबरेची फीत, ही सगळी पहिल्या जातीची. त्यांत फीत मला सर्वांत भली वाटते. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण कंबर उतरली म्हणजे धोका कमी झाला, इतकंच फीत सांगते. अंगात काय कस आला, ते श्रमाशिवाय कळत नाही.

श्रमाचं माप म्हटलं की लोक लगेच कमाल मोजू लागतात. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर किती तासांत, पेठचा किल्ला किती मिनिटांत. त्यात आनंद आहे, पण मोजमाप म्हणून ते कच्चं आहे. वेळ उन्हावर ठरते, पाठीवरच्या ओझ्यावर ठरते आणि सर्वांत जास्त जिद्दीवर. हट्टी माणूस अंगात ताकद नसतानाही वेळ कमी करून दाखवतो, आणि कधी तेच जिवावर बेततं. म्हणून मी हा भेद आणखी बारीक करतो. दम किती उशिरा लागला, यापेक्षा थांबल्यावर दम किती लवकर परत आला, हे मोजावं. पहिल्यात मनाचा हात असतो. दुसऱ्यात नसतो, थांबल्यावर नाडी खाली आणणं कुणाच्याही हट्टाच्या हाती नाही.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,४२८ जणांना ट्रेडमिलवर दमवून पहिल्या एका मिनिटात नाडी किती उतरते ते पाहिलं होतं. ज्यांची नाडी १२ ठोके किंवा त्याहून कमी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळलं. तो १२ चा आकडा त्या चाचणीचा आहे, घरच्या जिन्याला तो जसाच्या तसा लावू नये. घरी तुलना आपली आपल्याशीच करावी.

कर्जतहून रोज गाडी पकडणाऱ्याला त्यासाठी वेगळी जागा शोधायला नको. स्थानकाचा पादचारी पूल आहे. नेहमीच्या चालीने, कठड्याला न धरता वर जावं आणि थांबावं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवावीत (स्वतःचा अंगठा नको, त्याचीच नाडी लागते) आणि १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणावं. एक मिनिट उभं राहून पुन्हा मोजावं. दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवावा. ज्यांना छातीत दुखतं त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी संथ ठेवतात, त्या घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. बाकीच्यांना तोच पूल, तीच चाल आणि सहा आठवड्यांनंतरचा फरक पुष्कळ काही सांगेल. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. ज्याला अधिक हवं त्याच्यासाठी तो डोंगर आहेच.

या मापाचा खरा कस मात्र पाहुण्यांवर लागत नाही, वाडीवर लागतो. पायथ्याच्या ठाकूरवाड्यांतल्या बायका रानभाज्या, करवंदं, लाकूडफाटा घेऊन चढ-उतार करतात, आषाढात दिवसभर वाकून भात लावतात. शहरातून आलेला माणूस त्यांच्या सडसडीत अंगाकडे बघून म्हणतो, किती फिट आहेत! हे डोळ्यांनी केलेलं वजनच झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. चढावर छाती धडधडते आणि थांबल्यावरही धडधड लवकर शमत नाही. काट्याने लठ्ठ पाहुण्याला तीन दिवसांत उत्तीर्ण केलं आणि या बाईकडे पाहिलंसुद्धा नाही. नाडी दोघांनाही पकडते. माझा आग्रह याच मापासाठी का, ते यातून कळावं.

म्हणून दोघांना सांगणं आहे. शिबिरं भरवणाऱ्यांनी आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चढ चढवून त्याची नाडी लिहून द्यावी आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवावं. तीन दिवसांत नाडीत फारसा फरक पडत नाही, हे त्याला तोंडावर सांगण्याची तयारी ठेवावी. आणि वाड्यांवर आरोग्य तपासणी करणाऱ्यांनी आशाताईंच्या वहीत मोठ्या माणसांसाठी वजनाच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत: पायरी चढ-उतर केल्यावरची नाडी आणि एका मिनिटानंतरची. जिची नाडी उतरत नाही, तिचं रक्त त्याच दिवशी तपासायला घ्यावं. या दोन रकान्यांसाठी लागतं ते सेकंदकाट्याचं एक घड्याळ आणि एक पायरी.