गाऱ्हाणे आणि कृतज्ञता

संकटाच्या काळात देवाचे उपकार मानावेत ही शिकवण बहुतेक धर्मांत आढळते. परंतु तिच्या पोटात दोन वेगळ्या भूमिका असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की विचारात घोटाळा होतो. पहिली भूमिका अशी, की संकट कोसळले असले तरी जे उरले आहे आणि ज्याच्या आधारावर माणूस अजून उभा आहे, त्याबद्दल देवाचे ऋण मानावे. दुसरी भूमिका पुष्कळ पुढे जाते: ओढवलेले संकट हीच देवाची कृपा होती असे ती मानते आणि त्या संकटाबद्दलच त्याचे आभार मानते. पहिलीत दुःखाला दुःख म्हणण्याची मोकळीक राहते, दुसरीत ती राहतेच असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तालुक्यांत, देवाशी बोलण्याची जी पिढीजात रीत आहे ती पहिल्या भूमिकेच्या जवळची असली तरी तिच्यातही पुरती मावत नाही, कारण तिथे उपकार आणि तक्रार यांचा उच्चार एकाच वेळी, एकाच तोंडून आणि चारचौघांसमक्ष होतो.

दुसऱ्या भूमिकेला परंपरेत थोर आधार आहेत. भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधातील आठव्या अध्यायात कुंती कृष्णाची स्तुती करताना आपल्यावर वारंवार विपत्ती याव्यात असे मागते, कारण विपत्तीतच त्याचे दर्शन घडते आणि ऐश्वर्याच्या मदात सापडलेल्या माणसाच्या मुखी त्याचे नाव येत नाही. मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण तुकोबांचे. 1630 च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली; आणि पुढे एका प्रसिद्ध अभंगात त्यांनी निघालेले दिवाळे, दुष्काळाची पीडा, जनांत झालेला अपमान, धनाची आणि गुराढोरांची हानी हे सारे एकेक करून मोजले आणि ते बरेच झाले असे विठ्ठलाला सांगितले, कारण त्यामुळे संसाराचा पाश सुटला आणि देवाला शरण जाता आले. या उद्गाराच्या सच्चेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्याला दोन मर्यादा आहेत. तो मागे वळून पाहणाऱ्याचा उद्गार आहे, दुष्काळ चालू असतानाचा नव्हे. आणि तो प्रथमपुरुषी एकवचनातच खरा ठरतो. स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बरे झाले असे म्हणण्याचा अधिकार तुकोबांना आहे, परंतु तेच वाक्य गावच्या सावकाराने त्यांना ऐकवले असते तर तो क्रूरपणा झाला असता. त्या दुष्काळात जी दगावली तिच्या बाजूने काही बरे झाल्याची नोंद कोणी केलेली नाही, ही गोष्टही अभंग वाचताना विसरता कामा नये. दुःखितांना कृतज्ञतेचा उपदेश करणारे लोक नेमका हाच व्याकरणाचा नियम मोडतात.

मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न ग्रंथांतून येत नाही, समुद्रावरून येतो. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात, म्हणजे सुरक्षित मानलेल्या जागी नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांना जीव गमवावा लागला. आंब्याच्या आणि माडांच्या बागा मोडल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडल्यामुळे अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचेच ते दिवस होते, आणि पंधरवड्यातच, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची मासेमारीबंदी सुरू होणार असल्यामुळे बुडालेले भरून काढायलाही यांत्रिक नौकांना अवसर नव्हता. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा 22 ऑगस्टला आली. श्रावणातल्या या पौर्णिमेला कोळी, गाबीत आणि किनाऱ्यावरचे इतर समाज समुद्राला नारळ अर्पण करतात आणि त्यानंतर नव्या हंगामाला सुरुवात झाली असे मानतात. मालवणात पहिला मान सिंधुदुर्ग किल्ल्यावरून येणाऱ्या नारळाचा असतो आणि ही प्रथा शिवकालापासूनची असल्याचे सांगितले जाते. किल्ल्याच्या पायाभरणीचे साल 1664 मानतात, आणि बांधकामाआधी जिथे पूजन झाले असे परंपरा सांगते तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही मालवणच्या किनाऱ्यावर पुजला जातो.

ज्या समुद्राने तीन महिन्यांपूर्वी माणसे आणि होड्या नेल्या त्यालाच नारळ वाहणे, या कृतीचा अर्थ काय लावावा? ती वादळाबद्दलची कृतज्ञता नव्हे, कारण वादळ चांगले झाले असे किनाऱ्यावर कोणी म्हणत नाही. ती निव्वळ भीतीपोटी दिलेली लाचही नव्हे, कारण नारळ वाहिला म्हणून समुद्र पुढल्या वर्षी शांत राहील अशी कोणाची खात्री नसते, आणि ज्या वर्षी मासळी भरपूर मिळाली त्या वर्षीही नारळ तेवढाच असतो. भातशेतीतल्या नव्याच्या सणालाही हेच लागू पडते. नवे म्हणजे तयार झालेल्या पिकाची पहिली लोंबी घरात आणून देवापुढे ठेवणे आणि दाराला बांधणे. लांबलेल्या पावसाने अर्धे भात आडवे केले तरी उभ्या उरलेल्या अर्ध्यातली लोंबी दाराला लागतेच. तिथीला बांधलेल्या कृतज्ञतेचा हा विशेष आहे, की ती मिळकत पाहून मोजली जात नाही. मनात उपकाराची भावना दाटून आली की मगच आभार मानायचे असे ठरवले तर वाईट वर्षी कोणाच्याच मनात ती दाटून येणार नाही. विधी त्या भावनेची वाट पाहत नाही. आधुनिक मनाला हे कोरडे कर्मकांड वाटते, आणि पुष्कळदा ते तसे असतेही. परंतु शोकात बुडालेल्या माणसाकडून भावनेची मागणी न करता त्याच्या हातात फक्त एक नारळ देणे, यात एक प्रकारची माणुसकी आहे.

या आचाराचे बोलके अंग म्हणजे गाऱ्हाणे. मालवणी मुलखात देवळातल्या वार्षिकात, घरच्या गणपतीपुढे, नव्या होडीच्या पूजेला किंवा घरात संकट आले असता गुरव, मानकरी किंवा घरातला वडीलधारा पुरुष नारळ आणि विडा ठेवून देवापुढे उभा राहतो आणि मोठ्याने बोलू लागतो. आधी तो देवांची नावे घेतो: कुलदैवत, रवळनाथ, सातेरी, भूमिका, रामेश्वर, पावणाई यांपैकी जी त्या गावची ग्रामदैवते असतील ती, त्यांच्या पाठोपाठ त्या जागेचा राखणदार, म्हणजे शिवेची आणि घराची राखण करणारी अदृश्य शक्ती, आणि घरातले मूळपुरुष. मग कोण लेकरे समोर उभी आहेत आणि त्यांनी काय सेवा केली आहे हे तो सांगतो. आजवर सांभाळ केल्याची कबुली देतो, सेवेत राहिलेल्या उणिवेची क्षमा मागतो, आणि त्याच ओघात, आवाजाची पट्टी न बदलता, घरावर काय इडापीडा आली आहे ते ऐकवून ती दूर करण्याची मागणी करतो. प्रत्येक विरामाला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. पाठ केलेला साचा आणि त्या दिवसाची खरी अडचण यांचे हे मिश्रण असते, आणि ते बोलणाऱ्याच्या अंगच्या कसबावर बरेच अवलंबून असते. चांगले गाऱ्हाणे घालणारा माणूस पंचक्रोशीत नावाजला जातो.

या बोलण्यात आभार वेगळे काढून दाखवता येत नाहीत, आणि हेच त्याचे बलस्थान आहे. सांभाळल्याची कबुली नसेल तर तक्रारीला जागाच उरत नाही, कारण ज्याने कधी सांभाळले नाही त्याच्याकडे सांभाळ का केला नाहीस असे विचारता येत नाही. आणि तक्रार नसेल तर संकटाच्या दिवशी दिलेली ती कबुली तोंडदेखली ठरते, कारण समोर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना घरातले खरे माहीत असते. होकार भरणारे लोक म्हणजे त्या बोलण्याचे साक्षीदार. ज्याचा मुलगा समुद्रात गेला त्याच्या घरी देवाने सारे क्षेम ठेवले असे कोणी म्हणू लागले, तर त्याला ‘व्हय’ मिळणे कठीण. खासगी प्रार्थनेत माणूस स्वतःला फसवू शकतो. चारचौघांतल्या गाऱ्हाण्यात ते इतके सोपे नसते.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की ही कृतज्ञता नसून व्यवहार आहे. आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः नवसाच्या बाबतीत. नवस म्हणजे अटीवर कबूल केलेली भेट. इच्छा पुरी झाली की ती फेडायची. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेले केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला, किंवा आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेत भरलेल्या ओट्या यांत फेडीचा वाटा मोठा असतो. परंतु देवाणघेवाण आहे म्हणून तिथे कृतज्ञता नाही, असे अनुमान निघत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी आणि माणसांनी एकमेकांचे भरणपोषण करावे असे सांगून, देवांनी दिलेले त्यांना न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. आणि सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगताना संकटात सापडून देवाला हाक मारणाऱ्या ‘आर्त’ भक्ताला पहिले स्थान दिले असून, ज्ञानी भक्त श्रेष्ठ असला तरी चौघेही उदार आहेत असा निर्वाळा दिला आहे. गीतेचाच स्थितप्रज्ञ, म्हणजे दुःखाने उद्विग्न न होणारा आणि सुखाची हाव नसलेला पुरुष, हा तिसरा मार्ग. त्याला आभारांचीही गरज नाही आणि तक्रारीचीही, पण घरावर कर्ज आणि दारात मोडकी होडी असलेल्या माणसाला तो दाखवून फारसे काही साधत नाही. शिवाय कोकणातल्या व्यवहारात देवाला नकाराचा अधिकार असतो. कौल म्हणजे मूर्तीला फुले, पाकळ्या किंवा तांदूळ लावून ते कोणत्या बाजूचे पडतात त्यावरून देवाचे उत्तर जाणून घेणे. आचऱ्याची गावपळण, म्हणजे ठरावीक वर्षांनी साऱ्या गावाने घरदार सोडून तीन दिवस वेशीबाहेर राहण्याची प्रथा, रामेश्वराच्या कौलावर ठरते. ज्या व्यवहारात समोरचा पक्ष नाही म्हणू शकतो आणि तो नाही म्हणाल्यावरही पुढल्या वर्षी नारळ ठेवला जातो, त्याला सौदा हे नाव अपुरे पडते.

तक्रारीसह उपकार मानण्याची ही रीत कोकणापुरती नाही. नामदेव आणि जनाबाई यांच्या अभंगांत विठ्ठलाला केलेली खरमरीत बोलणी आहेत, आणि वारकऱ्यांनी ती कमीपणाची न मानता भक्तीच्या ऐश्वर्यात मोजली. याच जिल्ह्यात मालवण-वेंगुर्ल्यापासून सावंतवाडीपर्यंत ख्रिस्ती वस्ती आहे आणि 2005 साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला; त्यांच्या बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ या प्रश्नावर फार स्पष्ट बोलतो. मुलेबाळे आणि मालमत्ता गेल्यावर ईयोब प्रथम देवाचे नाव धन्य म्हणतो, पण तिसऱ्या अध्यायापासून त्याचा आक्रोश सुरू होतो आणि पुढे तो देवाला थेट जाब विचारू लागतो, त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करू पाहतात. अखेरच्या अध्यायात देवाचा कोप होतो तो या मित्रांवर: माझ्याविषयी जे यथार्थ ते ईयोब बोलला, तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा आहे. देवाचे वकीलपत्र घेऊन दुःखितांना आभार मानायला लावणाऱ्या सर्व काळच्या सज्जनांनी हा निवाडा नीट वाचावा.

इथे आणखी एक भेद करावा लागतो. सगळी संकटे देवाच्या दारची नसतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. त्यावर जगणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची मासळी पर्ससीन नौकांनी, म्हणजे माशांच्या थव्यालाच मोठ्या जाळ्याचा वेढा घालणाऱ्या नौकांनी, आणि रात्रीच्या समुद्रात एलईडी दिव्यांच्या झोतात चालणाऱ्या मासेमारीने कमी केली, ही त्यांची अनेक वर्षांची तक्रार आहे, आणि 2016 साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातल्यानंतरही ती मिटलेली नाही. या संकटात संयमाने देवाचे उपकार मानत राहा असे सांगणे म्हणजे एकाच्या लोभाचा बोजा दुसऱ्याच्या भक्तीवर टाकणे होय. किनाऱ्यावरचा माणूस तसे करतही नाही. जो देवळात नारळ ठेवतो तोच मोर्चा घेऊन ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयावर जातो, आणि या दोन्हींत त्याला विसंगती जाणवत नाही, कारण मागणे मागायचे आणि जाब विचारायचा ही सवय त्याला देवापुढेच लागलेली असते.

गाऱ्हाण्याची खरी उणीव वेगळ्या ठिकाणी आहे: ते कोण घालतो? देवळात हा अधिकार बारा-पाच मानकऱ्यांचा, म्हणजे गावरहाटीत पिढीजात मान असलेल्या घराण्यांचा, आणि घरात वडीलधाऱ्या पुरुषाचा. गाऱ्हाण्यातल्या आभारांचा खरेपणा जर सभेच्या साक्षीवर टिकत असेल, तर त्या सभेत कोणाला तोंड आहे आणि कोणाला फक्त ‘व्हय’ म्हणायचे आहे, याला महत्त्व येते. चोखामेळ्याला देवळाबाहेर उभे राहून देवाशी बोलावे लागले. काही अभंगांत त्याने आपल्या स्थितीला पूर्वकर्म कारण मानले, तर काहींत देवालाच तिचा जाब विचारला, आणि 1338 साली मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली सापडून तो गेला. त्याच्या या दुसऱ्या प्रकारच्या अभंगांना गाभाऱ्यासमोरच्या सभेचा होकार मिळण्याची सोय त्या काळी नव्हती. सिंधुदुर्गातल्या गावांत मानपानाचे वाद न्यायालयापर्यंत जातात, पण ते बहुधा कोणत्या घराण्याने आधी बोलावे याचे असतात. समुद्रावर नवरा गमावलेल्या बाईने स्वतः उभे राहून देवाला काय सांगावे, हा मुद्दा त्या खटल्यांत अजून यायचा आहे.