दोन बोटे कमी पडलेली दोरी

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९



कार्तिक चालू आहे, म्हणून दामोदराची कथा वाचायला घेतली. आपल्या सगळ्यांना पाठ असलेली. तरी एकदा पुन्हा बघा, घरात काय काय चाललंय ते.

दासी दुसऱ्या कामाला लावलेल्या, म्हणून यशोदा स्वतःच दही घुसळायला बसली आहे. बाळ येतं आणि रवीच धरून ठेवतं. काम थांबलं. ती त्याला मांडीवर घेते, पाजते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. बाळाचं पोट भरलेलं नाही, पण ती त्याला खाली ठेवून धावते. आता सांगा, हे आपल्या घरात रोज होत नाही का? बाळाला राग येतो, तो माठ फोडतो आणि आत जाऊन उखळावर बसून माकडांना लोणी वाटतो. यशोदा परत येते, फुटका माठ बघते आणि भागवत सांगतं, ती हसली! छडी नंतर घेतली. आधी हसली.

मी इथे बराच वेळ थांबलो. कारण मी हसलो नव्हतो.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मी शिक्षक, शाळा बंद झाली तरी माहिती भरणं काही बंद होत नाही. सकाळपासून मोबाईलवर ग्रुप, लिंक, तक्ते. सहा वर्षांची चिऊ दिवसभर घरात. "पप्पा, हे बघा ना." "थांब." "पप्पा, मुंगी साखर नेतेय." "थांब गं जरा." एके दिवशी तिने माझ्या तक्त्याच्या कागदावर आमच्या सगळ्या घराचं चित्र काढलं. मी ओरडलो. कागद दुसरा मिळाला असता की! पण तेव्हा सुचलं नाही.

मग २६ एप्रिलला आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. यंदा माझी बहीण सुरतेला अडकली. नवापूरची हद्द ओलांडायची सोय नव्हती. माझी आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरगी नही उनी ते काय झाये, नात ते शे ना. झोका बांध."

मी तीनदा "नंतर" म्हणालो. संध्याकाळी एकदाचा दोर घेऊन उठलो, तर तो फांदीपर्यंत पुरेना. शेवटी आईचं जुनं लुगडं जोडलं. चिऊ बसली, मग तिच्या हट्टाने आईही बसली, आणि आई गाऊ लागली. मी तिथेच उभा होतो. फोन वाजला. मी बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेलो.

भाद्रपदात आई गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. न्यायला मोजकी माणसं होती. बहिणीने तोंड बघितलं ते फोनवर.

हे सगळं लिहायचं कारण आजचा अध्याय. यशोदा मुलाला उखळाला बांधायला जाते आणि दोरी दोन बोटे कमी पडते. दुसरी जोडते, तरी दोनच बोटे कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात. कीर्तनकार सांगतात, एक बोट माणसाच्या धडपडीचं, एक बोट देवाच्या कृपेचं. मला ते पटतं. आई घामाघूम होते, केसांतली फुलं गळतात, तेव्हा त्याला तिची दया येते आणि तो आपणहून बांधून घेतो. ब्रह्मदेवाला, शंकराला, लक्ष्मीलाही जे मिळालं नाही ते तिला मिळालं, असं शुकाचार्य म्हणतात. आणि तेही कुठे? यज्ञात नाही, स्वयंपाकघरात. तेही भांडी फुटलेल्या!

अजून एक गोष्ट. ही कथा कुणाला सांगितली जातेय? परीक्षिताला. त्याच्या हातात सात दिवस आहेत. मरण ठरलेलं आहे. अशा माणसाला शुकाचार्य उतू जाणारं दूध, काजळ पसरलेले रडके डोळे, फुटका माठ इतकं सविस्तर सांगत बसतात. घाई करत नाहीत. राजाही म्हणत नाही की मुद्द्याचं बोला. या वर्षी मरण आपल्याही गल्लीत फिरून गेलं, तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं.

लॉकडाऊनमुळे घरच्यांसोबत वेळ मिळाला, असं हल्ली कुणी म्हणतं. जपून म्हणावं. आपल्याच जिल्ह्यातली किती माणसं गुजरातच्या उसाच्या फडावर लेकरांना घेऊन जातात, त्यांना घरी बसून वेळ मिळाला नाही. आणि ही बातमी तुम्हीही वाचली असेल : नर्मदाकाठच्या चिमलखेडीची अंगणवाडी कार्यकर्ती रेलू वसावे. साथीच्या भीतीने आया बाळांना घेऊन अंगणवाडीत येईनात, तेव्हा तिने मासेमाराची होडी मागून घेतली आणि २०२० च्या एप्रिलपासून स्वतः वल्हवत, सुमारे १८ किलोमीटर, अलीगाट आणि दादरच्या पाड्यांवर जात होती. कशासाठी? बाळांचं वजन करायला, गरोदर बायांची विचारपूस करायला, आहार पोचवायला. घरी येईपर्यंत हात दुखून यायचे म्हणे. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी इतकं पाणी कापणारी बाई एकीकडे, आणि अंगणाच्या टोकापर्यंत गेलेला मी दुसरीकडे. अंतर दोन बोटांचंच होतं खरं तर.

काल सकाळी चिऊ त्याच झोक्यावर बसून आजीचं गाणं म्हणत होती. फोन आत ठेवला आणि खाली मातीत बसलो. ती एवढंसं गायली आणि थांबली. म्हटलं, पुढचं म्हण ना.

"पुढचं मला येत नाही. तुम्ही होते ना तिथे पप्पा, तुम्ही सांगा."

मला येत नव्हतं. सुरतेला बहिणीला फोन लावला. तिला दोन कडवी आठवली, तिसरं अर्धं. तिघांनी मिळून म्हटलं. शाळेच्या ग्रुपवर तोवर चार निरोप येऊन पडले होते.

राम कृष्ण हरी.