आंबलेलं अंग

खारदांड्यात आमच्या शेजारच्या कोळीण मावशी बाजारातून परतल्या की रिकामी पाटी भिंतीला टेकवतात, पायरीवर बसतात आणि म्हणतात, "अंग नुसतं आंबून गेलंय गं." इतकी वर्षं ऐकलं, पण त्यातली आंबट चव चिनी शिकायला लागल्यावरच कळली.

दवाखान्याच्या धड्यात ताप, खोकला, डोकेदुखी पटकन पाठ झाली. अडले ती 'स्वान'पाशी. अर्थ दिला होता: आंबट. आणि पुढे: श्रमानं अंग दुखणं. इंग्रजीच्या वाटेनं गेलं तर हे दोन अर्थ एकमेकांना भेटेनात. मावशी आठवल्या आणि कोडं सुटलं. चिंचेनं दात आंबतात, ओझ्यानं खांदे आंबतात. चिन्यांचेही दोन्ही 'स्वान'च होतात. सूर मात्र वरच्या पट्टीत सपाट धरायचा. तो खाली आपटला, की 'स्वान'ची लसूण होते आणि थेट खांद्यात शिरते!

असे शब्द भेटले की मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये ते काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले आणि १९४१ मध्ये तिथल्या बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. त्यांच्या त्यागाबद्दल आपण भरभरून बोलतो, भाषेबद्दल फारसं नाही. शस्त्रक्रिया मुंबईच्या कॉलेजात शिकता आली; पण खेड्यातला रोगी कुठे आणि कसं दुखतंय हे सांगतो, ते त्याच्याच शब्दांत ऐकावं लागतं. तिथे घरची मराठी त्यांच्या कामी आली असेल, असा माझा आपला तर्क.

कारण दुखण्याची भाषा घरात शिकलेली असते. तोंड आलं, घसा धरला की चिनी आजी म्हणते 'शांग ह्वो', आग वर चढली. आपली आजी म्हणते, उष्णता झाली, सब्जा घे. डॉक्टर दोघींचंही ऐकून घेतो आणि कागदावर भलतंच लिहितो. 'ठसठस'ला मात्र मला अजून चिनी जोडीदार सापडलेला नाही.

परवा मावशींनी पाटी उचलली आणि तशाच वाकून राहिल्या. "चमक भरली," म्हणाल्या. त्यांना धरून बसवलं, कंबर शेकायला पिशवी आणली. रात्री वही उघडली. कंबर अशी धरली की चिनी म्हणतात 'शान याओ'. याओ म्हणजे कंबर. आणि 'शान'चं जे अक्षर, तेच विजेच्या चमकण्यालाही लावतात.