संशयाचा अधिकार आणि निर्दोष फाइल

अँटिव्हायरसला प्रोग्रामचा उद्देश दिसत नाही. लक्षणांवरून तो त्याचे अनुमान करतो. फाइल कीबोर्डवरच्या कळा टिपते, दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत लिहिते, म्हणून ती घातक. अशा अनुमानातला दोष भारतीय तर्कशास्त्राने फार पूर्वी नेमका दाखवला आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ‘पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे अनुमान सदोष ठरते. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुरासाठी ओले इंधन लागते. या सुटलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्री, उपाधी म्हणतात. पासवर्ड चोरणारा प्रोग्राम कळा टिपतो, तसे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही टिपते. दोघांत भेद करणारी उपाधी म्हणजे वापरणाऱ्याची संमती नसणे, आणि संमती आहे की नाही हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

चुकीची किंमत मोठी असू शकते. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली. जगभरातले संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले, त्यांचे नेटवर्क तुटले; दुरुस्तीची फाइल पोहोचवायची वाटच त्यामुळे बंद झाली.

अधिक कसोशीने तपासले तर अशा चुका पूर्ण टळतील, ही आशा फोल आहे. अचूक व्हायरसशोधक अशक्य असल्याचे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी 1984 मध्येच दाखवले. समजा, एखादा प्रोग्राम शोधकालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर तो पसरत नाही, ‘नाही’ आले तर पसरतो. शोधक दोन्हीकडून खोटा पडतो. गणितही प्रतिकूल आहे. 10 लाख फाइलींत 100 घातक असतील आणि तपासणी 99.9 टक्के अचूक असेल, तर सुमारे 1,100 इशाऱ्यांपैकी 1,000 निर्दोष फाइलींवरचे असतील.

चूक अटळ असेल, तर प्रश्न न्यायाचा होतो: संशयाचा भार कोणी वाहायचा? मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात, बाधक पुरावा येईपर्यंत ते खरेच. नैयायिक त्याला बाहेरचे प्रमाण मागतात. फाइल किती संगणकांवर आढळते यावरून विश्वास ठरवणारी आजची पद्धत नैयायिकांच्या वाटेने जाते, पण तिचा फटका बसतो नव्या, एकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रामरला. ज्याला कोणी ओळखत नाही तो गुन्हेगार, हा न्याय मान्य करता येत नाही.

म्हणून शिक्षा मागे घेता येण्यासारखी असावी. संशयित फाइल पुसण्याऐवजी विलग ठेवली, तर निर्दोष ठरल्यावर ती परत आणता येते. वापरणाऱ्याने डिजिटल सही तपासावी, फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, निर्मात्याने जाहीर केलेल्या हॅशशी ताडून पाहावा आणि नमुना अँटिव्हायरस कंपनीकडे फेरतपासणीला पाठवावा. तोवर सूट द्यायचीच असेल, तर ती त्या एका फाइलपुरती द्यावी. आख्खे फोल्डर तपासणीतून वगळले, तर पुढे तिथे येणारी खरी घातक फाइलही सुटते.