फक्त मजकूर हवा

विमानतळाजवळच्या करंजाडेत राहणाऱ्याला विमानतळाची बातमी म्हणजे घरचीच बातमी. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. घरभाडं, रस्ते, पाणी यांचं पुढे काय होणार, हे इथल्या माणसाला वाचायचं असतं. पण वाचू देतंय कोण? दुसरी ओळ सुरू होते न होते तोच जाहिरात उलगडते, मजकूर खाली घसरतो, बोट भलतीकडे पडतं आणि समोर कुठल्याशा गृहप्रकल्पाची पाटी येते. परत येईपर्यंत बातमीचा धागा सुटलेला असतो.

मुलांचं वाचनात लक्ष लागत नाही, अशी तक्रार आपण घरोघरी करतो. लक्ष लागू नये अशीच ज्या पानाची मांडणी आहे, त्याला मात्र कधी बोल लावत नाही.

यावर उपाय ब्राउझरमध्येच आहे. जाहिराती बाजूला सारून फक्त मजकूर दाखवणारी वाचनाची वेगळी सोय सफारीत २०१० पासून आहे. फायरफॉक्सची सोय २००९ च्या ‘रीडेबिलिटी’ या प्रकल्पातून आलेली. ती कशी चालते हे मला फार आवडतं. ती परिच्छेदांची लांबी पाहते, त्यातले स्वल्पविराम मोजते आणि जिथे नुसत्या लिंकांची गर्दी आहे तो भाग मागे टाकते. सलग लिहिलेलं वाक्य हीच तिच्या लेखी मजकुराची खूण!

अडचण एवढीच, की परिच्छेद पुरेसे लांब नसतील तर पत्त्याच्या पट्टीत वाचनाचं चिन्हच उमटत नाही. एकेका ओळीचे परिच्छेद पाडलेली बातमी इथेच अडकते. अशा वेळी हट्ट धरावा. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये पानाच्या पत्त्याआधी इंग्रजी लहान अक्षरांत ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘रीडर’, प्रश्नचिन्ह, ‘यूआरएल’ आणि बरोबरचं चिन्ह, असं मध्ये जागा न सोडता लिहायचं आणि एंटर दाबायचं. बहुतेकदा पान निमूटपणे साधं होतं. अक्षर मोठं करा, ओळींतलं अंतर वाढवा. काना-मात्रा-वेलांटीच्या आपल्या लिपीला तेवढी मोकळीक हवीच.

कधी तक्ता विस्कटतो, एखादा परिच्छेद गळतो. त्यामुळे सिडकोच्या घरांच्या सोडतीची तारीख किंवा अर्जाची मुदत मूळ पानावरच तपासावी. पण लेख, अग्रलेख, मुलाखत वाचायची तर पान आपल्या अटीवरच उघडावं. ते वाचण्याजोगं आहे की नाही, हे यंत्राने का ठरवावं?

एक मात्र विसरू नका. त्या जाहिरातींतून बातमीदाराचा पगारही निघतो. जे दैनिक किंवा मासिक तुम्ही असं शांतपणे रोज वाचता, त्याची वर्गणी भरा.