मापात पाप

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी दर वर्षी होणारे एक छोटेसे इतिहाससंशोधनच असते. चिंचवडगावात, पवनेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. आणि जुन्या घराला माळा असला की त्या माळ्यावर भूतकाळ मुक्कामाला असायचाच. यंदा तेथून दोन वस्तू खाली आल्या. एक माझ्या आजीची पितळेची पायली. दुसरी एक चकचकीत तबकडी. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'कादंबरी, संपूर्ण, 2004'.

पायली सौभाग्यवतींनी चिंच लावून घासली आणि लगेच तिने चिवड्याचे पोहे मोजले. तबकडी मी मोठ्या हौसेने शाळेतल्या एका जुन्या संगणकात घातली. माझी ती पहिली कादंबरी! पडद्यावर जे उमटले ते मराठी नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. एखादा उंदीर टंकयंत्रावरून जिवाच्या आकांताने पळाला असावा, तशा त्या ओळी दिसत होत्या. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा पायलीवरून फडके फिरवीत त्या एवढेच म्हणाल्या, "आजीची वस्तू बरी म्हणायची. अजून कामाला येते."

बोलणे थट्टेचे होते, पण मनाला लागले. पितळेचे भांडे पिढ्यान् पिढ्या टिकते आणि माझी दोन वर्षांची मेहनत वीस वर्षांत मुकी होते, याचा अर्थ काय?

अर्थ पुढे कळला तो असा. त्या काळी मराठी अक्षरे संगणकावर आणणारी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत असे. एकीच्या घरी जेथे 'क' बसे, तेथे दुसरीच्या घरी नुसता काना बसलेला असे. त्यामुळे जिची अक्षरे, तिच्याच चष्म्यातून ती वाचता येत. कंपनी गेली की चष्मा गेला, आणि चष्मा गेला की कादंबरी गेली!

वास्तविक यावर उपाय तेव्हाही होता. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण 1991 साली भारतीय मानक ब्युरोने मान्य केले होते. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एका पंक्तीला बसविणारे 'युनिकोड' पहिल्यांदा प्रसिद्ध झाले, आणि त्यात देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या 1988 च्या आवृत्तीवरूनच घेतलेली होती. या पंक्तीत 'क'चा पाट ठरलेला आहे : क्रमांक 2325. चिंचवडला तोच आणि शिकागोलाही तोच. परंतु नियम कागदावर असणे निराळे आणि तो बाजारात चालणे निराळे. माझी कादंबरी ज्या दुकानात टंकली गेली, तेथे तो चालत नव्हता.

आजीच्या काळी पायलीची हीच गत होती. या गावची पायली निराळी, त्या गावची निराळी. घेताना मोठी आणि देताना लहान अशा दोन पायल्या बाळगणारे सावकारही लोकांनी पाहिलेले होते. 'मापात पाप' हा आपला वाक्प्रचार काही कोशकारांनी घरी बसून रचलेला नाही. तो नाडलेल्या माणसांनी बाजारात घडविला आहे. पुढे 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, आणि भाजीवाल्याच्या वजनावर सरकारी छाप बसू लागला. छाप मारणारा माणूस भाजी विकत नाही, हे त्यातले मर्म.

आमच्या शेजारी एक कारखानदार राहतात. एमआयडीसीत त्यांचे नटबोल्टांचे छोटे वर्कशॉप आहे. त्यांना मी माझे दुःख सांगितले. त्यांनी खिशातून एक बोल्ट काढला. (हे गृहस्थ देवदर्शनालाही बोल्ट खिशात घेऊन जातात.) ते म्हणाले, "मास्तर, हा दहा मिलिमीटरचा. दोन आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर. नट जर्मनीतला आणा नाहीतर चाकणमधला, बसणारच. बोल्टाला मालक असतो, आट्याला नसतो!"

या वाक्यात मला एक संपूर्ण नीतिशास्त्र दिसले. इंग्लंडात व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचे एक माप सुचविले, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. आटा सर्वांचा झाला आणि मग छोट्या कारखान्यालाही मोठ्याच्या शेजारी उभे राहता आले. आमचा पिंपरी-चिंचवडचा सारा पट्टा या बिनमालकीच्या आट्यावर उभा आहे.

इंटरनेटवरच्या पानांचा जन्मही असाच झाला. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली ही कल्पना मांडली, आणि ते जेथे काम करीत त्या 'सर्न' संस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी ती सर्व जगाला विनामूल्य वापरायला दिली. पानांचे आटे ठरविण्यासाठी 1994 साली एक मंडळही निघाले. पान कोणीही लिहावे आणि कोणत्याही यंत्रावर ते दिसावे, असा तो करार होता.

पुढे काय झाले? ज्यांची दुकाने मोठी झाली, त्यांच्या हाती हळूहळू मापही गेले. आज पाने दाखविणारी बहुतेक साधने गूगलच्याच इंजिनावर चालतात. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा 2020 साली आपले इंजिन सोडून तेच घेतले. पानांच्या मूळ भाषेचे प्रमाण ठरविण्याचे काम 2019 साली त्या जुन्या मंडळाकडून ज्या गटाकडे गेले, त्याच्या सुकाणू समितीत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे चौघे आहेत. युनिकोडच्या सभेतही पूर्ण मताधिकार असलेल्या सभासदांत अशाच कंपन्या अधिक. आपल्या 'ॲडमिशन'मधला 'ॲ' त्या पंक्तीत बसला तो 2008 साली. पहिल्या पंगतीनंतर तब्बल सतरा वर्षांनी!

दिवाळीला फराळाला आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याशी मी या विषयावर वाद घातला. तो हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. चकली मोडीत तो म्हणाला, "सर, हे नियम लिहायला वर्षानुवर्षं माणसं खपतात. त्यांचे पगार या कंपन्याच देतात. सरकारं देणार आहेत का? आणि रिक्षावाल्याच्या मुलाला आज नकाशा, पत्रव्यवहार, गणिताचे धडे फुकट मिळतात, ते कोणाच्या जिवावर? जाहिरातींच्याच ना?"

त्याचे म्हणणे मी झटकून टाकू शकलो नाही. जाहिरात म्हणजे पाप, असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपली ही परंपरा जाहिरातींचा हात धरूनच चालत आली आहे. तुमच्या हातातला हा अंकच उलटून पाहा ना! तेल, उटणे, सोनेनाणे यांच्या जाहिराती नसत्या, तर माझ्यासारख्या मास्तराचा लेख तुमच्या घरी आला असता कसा?

पण एक भेद आहे. या अंकातली तेलाची जाहिरात तुम्ही वाचता. ती तुम्हाला वाचीत नाही. टक्कल असलेल्याला आणि नसलेल्याला ती एकच दिसते. फोनवरची जाहिरात मात्र आधी तुमच्याकडे पाहते. तुम्ही काय शोधलेत, कोठे थांबलात, रात्री किती वाजता जागे होतात, याची नोंद पाहून, पान उघडताउघडता डोळ्याचे पाते लवायच्या आत तुमच्या नजरेचा लिलाव होतो, आणि जो जास्त बोली लावील त्याची जाहिरात तुमच्यापुढे येते.

या लिलावात अडत्या कोण? विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा दलाल आणि लिलावाच्या ओट्याचा मालक हे तिघे एकच असले, तर आपल्या मार्केट यार्डातला शेतकरी काय म्हणेल? 2008 साली 'डबलक्लिक' ही कंपनी ताब्यात घेतल्यापासून गूगलचा असा तिहेरी संसार वाढला. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने या बाजाराच्या दोन भागांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली, असा निर्णय दिला. गूगलच्या मूळ कंपनीचे 2023 सालचे तीन-चतुर्थांशाहून अधिक उत्पन्न जाहिरातींचे होते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आपला माग काढणाऱ्या खुणा बंद करू, असे याच कंपनीने 2020 साली सांगितले आणि 2024 साली तो बेत सोडून दिला. मला कोणाच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. मात्र जो पाहण्यावर जगतो, त्यानेच पाहण्याची मर्यादा ठरवावी, हे म्हणजे कुंपणाकडेच शेत सोपविणे नव्हे काय?

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख मोठा सोयीचा झाला असता. सारे पाप कॅलिफोर्नियात आणि सारे पुण्य चिंचवडात! परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला लेखणी खाली ठेवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी वर्गशिक्षक होतो. हजेरी, गुण, पालकांना निरोप यांसाठी एक फुकट मिळणारे ॲप मी शोधून काढले. अठ्ठेचाळीस मुलांची नावे, जन्मतारखा, आईवडिलांचे फोन आणि चाचण्यांचे गुण मी दोन रात्री जागून त्यात भरले. ॲपने एक लांबलचक मजकूर दाखविला. मी तो न वाचता 'मान्य'वर बोट ठेवले. मुख्याध्यापकांनी माझे कौतुकही केले.

पुढे निवडणूक आली. एका संध्याकाळी एका उमेदवाराचा कार्यकर्ता मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. "सर, पालकांचे नंबर द्या की. साहेबांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या आहेत." मी बाणेदारपणे नकार दिला आणि पुडाही परत केला. त्या रात्री मी फार स्वस्थ झोपलो.

दोनच आठवड्यांनी एका मुलाची आई शाळेत आली. धुण्याभांड्यांची चार घरे करून ती संसार चालवते. फोन पुढे करून तिने विचारले, "सर, माझा पोरगा गणितात कच्चा आहे, हे या क्लासवाल्यांना कुणी सांगितलं?" रोज तिला शिकवणीच्या जाहिराती येत होत्या. त्या ॲपमधूनच माहिती बाहेर गेली, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण नाही गेली, असेही सांगू शकलो नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर नसणे, हाच माझा गुन्हा होता.

ज्याने दारात उभे राहून विचारले त्याला मी 'नाही' म्हणालो, आणि ज्याने विचारल्यासारखे केले त्याला सगळे देऊन बसलो! माझी स्वतःची माहिती मी फुकटाच्या मोहाने विकली असती, तर तो माझा मूर्खपणा ठरला असता. पण ही माझी नव्हती. दुसऱ्याच्या धान्याने मी आपली पायली भरली होती. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोण देतो, हे न विचारणे हेच मला यातले खरे पाप वाटते. आणि ते करायला कंपनी काढावी लागत नाही.

राजकारणात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. चापेकर चौकातल्या सभेत कोणी खोटे बोलला, तर दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्याला उत्तर देता येते. मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत सभा बंद ठेवणारा कायदा आहे. पण एकेकाच्या फोनवर, त्याचे भय आणि त्याची जात पाहून, निरनिराळे कुजबुजणाऱ्याला उत्तर कोठे द्यायचे? 2018 साली केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण उघडकीस आले. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यानुसार, जास्तीत जास्त 8 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यात गेली असावी. लोकशाहीत मत गुप्त असावे आणि मतासाठी केलेली विनवणी उघड असावी. येथे नेमके उलट होऊ पाहते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 साली वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे कलमही त्यात आहे. छाप मारणारा माणूस येऊ घातला आहे, म्हणायचे. पण वजनावर छाप असला तरी काट्याकडे गिऱ्हाइकाला पाहावे लागतेच.

त्यानंतरच्या पालकसभेत मी उभा राहिलो आणि झाले ते सारे सांगितले. अठ्ठेचाळीस नावे मी त्या ॲपमधून काढून टाकली. ती तेथून खरोखर गेली की नाही, ते मला दिसत नाही. सभा संपल्यावर ती आई माझ्याजवळ आली. मला वाटले, आता रागावणार. ती म्हणाली, "सर, पुढच्या वेळी आधी विचारा. एवढंच." एवढेच! संगणकाच्या साऱ्या नीतिशास्त्राला मला याहून थोडक्यात सांगता आलेले नाही.

कादंबरीचे म्हणाल, तर हिंजवडीच्या त्या विद्यार्थ्याने चार रात्री बसून ती जुनी अक्षरे नव्या पाटांवर नेऊन बसविली. पगार कंपनीचा, पण या रात्री त्याच्या स्वतःच्या होत्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कादंबरी परत आली. काही ठिकाणी 'ऱ्या' अजून रुसलेला आहे. मी तिची एक प्रत कागदावर छापून घेतली आणि माळ्यावर ठेवली.

पायली मात्र आता खालीच असते. सौभाग्यवती तिने पोहे मोजतात. परवा त्यांनी ती उलटी करून तिच्या बुडावर बोटाने टकटक केले. मी विचारले, "हे काय?"

"आजी असंच करायच्या," त्या म्हणाल्या. "माप घरचं असलं तरी बूड तपासावं."