नादारी आणि त्याग

जुगारासाठी काढलेले कर्ज, चैनीसाठी काढलेले कर्ज आणि घरातील माणूस मृत्युशय्येवर असता काढलेले कर्ज, ही तिन्ही सावकाराच्या वहीत एकाच शाईने लिहिली जातात. धर्मशास्त्रकारांनी मात्र ती एक मानली नाहीत. बापाने द्यूत व मद्यपान यांपायी केलेले ऋण पुत्राने फेडण्याचे कारण नाही, कुटुंबाच्या पोषणासाठी केलेले मात्र फेडले पाहिजे, असा विवेक स्मृतींनी केला. आणि एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम घालून धनकोच्या हक्कालाही मर्यादा घातली. ऋण पवित्र खरे, पण ते अमर्याद नाही, ही जाणीव आपल्या परंपरेत जुनी आहे.

भोसल्यांच्या अमदानीपासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांपैकी एका मध्यम स्थितीतील गृहस्थाची कल्पना करावी. पत्नीला दुर्धर आजार जडला. छत्तीसगडात २०२० साली सुरू झालेल्या डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजनेने अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत साहाय्य ठरविले, पण इतरांसाठी ही मर्यादा पन्नास हजारांची होती. आणि हा गृहस्थ त्या इतरांतील. नवा रायपूरमध्ये बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, तेथे पैसे भरण्याची खिडकीच नाही. पण ते भाग्य सर्व रोगांच्या व सर्व वयांच्या रुग्णांना कोठून लाभावे? दागिने गहाण पडले, बँकेचे व वित्तसंस्थेचे कर्ज झाले, आणि पत्नीच्या भावाने आपल्या बायकोच्या पाटल्या मोडून, कागदाचा चिठोराही न मागता, रक्कम हाती ठेवली. पत्नी वाचली. आता ती घरात बसून आपल्या प्राणांची किंमत मोजीत असते, आणि पती एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज शोधीत असतो.

अशा वेळी कोणी नादारीच्या अर्जाची वाट दाखविली, तर त्याचे मन शहारते. दिवाळखोर हा शब्दच आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. अपकीर्ती मरणाहून दुःसह आहे, हे अर्जुनाला सांगितलेले वचन असे गृहस्थ स्वतःला सुनावतात, आणि काही तर खरोखरच मरणाचा विचार करू लागतात. परंतु ते वचन रणांगण सोडू पाहणाऱ्याला उद्देशून होते. देणेकऱ्यांच्या समोर उभे राहण्याऐवजी मृत्यूच्या आड दडणे हेच येथे रण सोडणे होय. आणि ज्या स्त्रीला वाचविण्यासाठी सारे केले, तिच्याच माथी तो भार टाकणे होय.

अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते येथे फार उपयोगी पडतात. मोहाने नियत कर्म टाकणे तामस. कायाक्लेशाच्या भयाने टाकणे राजस. आसक्ती व फळ सोडून कर्तव्य करीत राहणे सात्त्विक. रातोरात घराला कुलूप लावून दूर गावी निघून जाणारा पहिल्या वर्गातील. मालमत्ता भावाच्या नावे करून मग न्यायालयात हात जोडणारा दुसऱ्या वर्गातील. त्याला लाज नाही, केवळ त्रास नको आहे. पण जो आपले असेल नसेल ते सर्व मांडून ठेवतो, त्याचा त्याग कशाचा? धनाचा तर होयच. परंतु प्रतिष्ठेच्या आसक्तीचाही. अब्रू राखण्यासाठी फेडता न येणारे नवे कर्ज उचलणारा मनुष्य वरून मानी दिसतो. वस्तुतः तो रोज एक असत्य बोलत असतो.

कायदाही हा भेद जाणतो. २०१६ ची नवी संहिता आली, तरी तिचा व्यक्तींच्या नादारीविषयीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच अमलात आला आहे; रायपूरच्या गृहस्थाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच पाहावा लागतो. त्यात ऋणकोची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, जप्तीतून वगळलेली कपडेलत्ते, भांडी, कारागिराची हत्यारे तेवढी राहतात, आणि पुढे न्यायालय त्याला ऋणमुक्त करू शकते. रुपयामागे आठ आणेही देता येत नसतील, तर पूर्ण मुक्ती नाकारावी, असे तो कायदा म्हणतो. मात्र ज्या परिस्थितीचा दोष न्यायतः ऋणकोकडे जात नाही, तिच्यामुळे तसे झाले असेल तर गोष्ट वेगळी. सट्टा, उधळपट्टी आणि जुगार यांना ही सवलत नाही.

आणखी एक प्रश्न तो कायदा विचारतो, आणि तो टोचणारा आहे: कर्ज घेताना ते फेडण्याची वाजवी आशा होती काय? अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या पतीने हा हिशेब केला नसेल, तर त्याला दोष कोण देईल? दुष्काळात प्राण वाचविण्यासाठी अभक्ष्य भक्षण करणाऱ्या विश्वामित्राची कथा लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’तील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात अशाच पेचासाठी घेतली आहे. परंतु आपत्ती कर्जाला क्षम्य करते, खोटेपणाला नव्हे. पुढल्या महिन्यात भविष्यनिर्वाह निधीचे पैसे येणार आहेत, असे जाणूनबुजून खोटे सांगून जर मेहुण्याकडून रक्कम घेतली असेल, तर त्याचे पाप पत्नीच्या आजाराने धुतले जात नाही.

मेहुण्यापाशीच सर्वांत कठीण परीक्षा होते. तारणावर कर्ज देणारी बँक आपले तारण राखून असते. बुडतो तो विश्वासावर दिलेला पैसा. म्हणून अर्जापूर्वी त्याचे तेवढे गुपचूप देऊन टाकावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देण्यासाठी केलेला व्यवहार रद्द ठरवितो. हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्यात समत्व आहे: उरलेले धन आता त्याचे नाही, ते सर्व धनकोंचे आहे, आणि दुसऱ्याच्या धनातून कृतज्ञता दाखविता येत नाही.

ती दाखवावयाची वेळ मुक्तीनंतरची. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली. कायद्याने भाग होते त्याहून अधिक, म्हणजे पूर्ण देणे, फेडण्याचा निश्चय करून साठीच्या उंबरठ्यावर तो देशोदेशी व्याख्याने देत हिंडला. १८९६ च्या जानेवारीत मुंबईकरांनीही ती ऐकली. १८९८ पर्यंत त्याने सारे फेडले. रायपूरच्या गृहस्थापाशी तशी वाणी नाही, पगार आहे. न्यायालयाने मोकळे केल्यावर त्यातून महिन्याला थोडे थोडे तो मेहुण्याच्या घरी नेऊन देऊ शकेल. मेहुणा कदाचित नको म्हणेल, बहिणीसाठी दिले होते म्हणेल. तेव्हा काय करावयाचे, हे त्या दोघांनी ठरवावयाचे; न्यायालयाचा तेथे संबंध उरत नाही.